पणजोबा बसऱ्याला गेले की बोटीवर? शोधायला मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, गावचं घर (संगमेश्वर) आवरताना लोणच्याच्या बरणीवर झाकण म्हणून एक जड काळपट थाळी सापडली, चिंच लावून घासली तर सिंह, भालेवाली बाई आणि इंग्रजीत आमच्या पणजोबांचं नाव!! पहिल्या महायुद्धात मेलेल्यांच्या घरी पाठवायचे तीच ही ब्राँझची थाळी, पण तिच्यावर नुसतं नाव असतं, हुद्दा नाही पलटण नाही, आणि सखाराम कदम नावाचे किती असतील तुम्हीच सांगा.

आजी म्हणायची बसऱ्याला (इराकमधलं) गेले. मराठा पलटणी तिकडे होत्या, १९१६ला कुतच्या (तेही इराकमधलंच शहर) वेढ्यातपण होत्या, हे माहितीय. पण बसऱ्याच्या स्मारकावर भारतीय शिपायांची नावं कोरलेलीच नाहीत, अधिकाऱ्यांची फक्त, बाकीच्यांचा नुसता आकडा (राग येतो वाचून). कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हजच्या (युद्धात मेलेल्यांच्या नोंदी ठेवणारी संस्था) साईटवर शोधतोय, स्पेलिंग कधी सुखाराम कधी सकाराम, डोकं फिरलं.

काका म्हणतो शिपाई नाही, खलाशी होते. तसं असेल तर मस्जिद बंदरच्या सेलर्स होममधल्या स्मारकावर नाव असू शकतं ना? आत कोणी गेलंय का, परवानगी लागते का? आणि बेळगावच्या मराठा रेजिमेंटल सेंटरला पत्र लिहून कोणाला उत्तर आलंय का? रविवारी परळहून निघतोय, तेवढ्यात सांगा प्लीज.