मदत हवी आहे: आकाश निरभ्र, तरी मॉडेलचं ऊन आणि मोजलेलं ऊन जुळत नाहीये

सोलापुरी_चादर: मंडळी, सोलापूरजवळच्या एका सोलर प्लांटच्या डेटावर काम करतोय आणि आठवडाभर डोकं धरून बसलोय. जानेवारीतले ढगाचा ठिपकाही नाही असे दिवस वेगळे काढले, पीव्हीलिबमधलं (सौरऊर्जेच्या हिशेबाची पायथन लायब्ररी) इनाइशेन मॉडेल लावलं, म्हणजे निरभ्र आकाशात ऊन किती पडेल ते सांगणारं. एका दुपारी सूर्य डोक्यावरून ३८ अंश कललेला, मॉडेल म्हणतं डीएनआय (सूर्याकडे रोखलेल्या सेन्सरवर पडणारं थेट ऊन) ८००, मोजलेला ६४०. पण जीएचआय (आडव्या पृष्ठभागावर पडणारं एकूण ऊन) मॉडेलचा ७९० आणि मोजलेला ७४० (सगळे वॅट प्रति चौ.मी.). म्हणजे थेट ऊन १६० नी कमी आणि एकूण फक्त ५० नी?? साहेब म्हणाले सेन्सरची काच पुसून घे. पुसली, ढिम्म फरक नाही.

मग धुरक्याचा संशय आला, कारण इथे ऊस तुटला की पाचट पेटवतात, वर रस्त्याची धूळ, क्षितिज कायम दुधाळ. आणि मॉडेलची लिंके टर्बिडिटी (हवा किती गढूळ त्याचा आकडा) येते टेबलातून, महिन्याला एक आकडा, दरवर्षी तोच, त्याला काय माहीत यंदा कोणी किती पाचट जाळलं. म्हणून सॅटेलाइटचा एओडी (हवेतले धूर-धुळीचे कण ऊन किती अडवतात त्याचं माप) घेतला, ०.६, तो सिंप्लिफाइड सोलिस या दुसऱ्या निरभ्र-आकाश मॉडेलमध्ये टाकला तर डीएनआय धाडकन ४७५ वर! जाणकारांनी प्रकाश टाकावा (थेट किंवा विखुरलेला, कुठलाही चालेल).

उन्हाडक्या: डीएचआय (आकाशातून येणारं विखुरलेलं ऊन) वेगळा मोजता का? किती होता?

सोलापुरी_चादर: हो, २३६.

उन्हाडक्या: मग काचेला दोष देऊ नका. ६४० गुणिले ३८ अंशाचा कोसाइन म्हणजे ५०४ (थेट उन्हातलं आडव्या पृष्ठभागावर पडणारं), अधिक २३६, झाले ७४०, तुमचा मोजलेला जीएचआयच. डीएनआयची काच मळकी असती तर ही बेरीज जुळलीच नसती. तुमच्या मॉडेलच्या आकड्यांत विखुरलेलं ऊन १६० च निघतं. हे कण ऊन खातात कमी आणि उधळतात जास्त, तेही बरंचसं पुढच्याच दिशेला, त्यामुळे आडव्या पृष्ठभागावरच्या थेट उन्हातले १२६ गेले तरी ७६ आकाशातून परत मिळाले. बाकीचे ५० काजळीने गिळले नाहीतर वर परत गेले.

आता तो ०.६ कुठल्या तरंगलांबीचा? सॅटेलाइटवाले बहुतेक ५५० नॅनोमीटरचा देतात, सोलिसला लागतो ७०० चा. अँगस्ट्रॉम घातांक (तरंगलांबीनुसार एओडी किती बदलतो ते सांगणारा) १.३ धरा, ०.६ चा ०.४४ होईल. तसंही ते मॉडेल ०.४५ च्या पुढे वापरायचं नसतं, म्हणजे तुम्ही काठावरच. आणि १.३ धुराला ठीक, धूळ जास्त असली की घातांक उतरतो. पुण्यात आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं एरोनेट स्टेशन (जमिनीवरून एओडी मोजणाऱ्या जागतिक जाळ्यातलं) आहे, तिथला घातांक अंदाजाला बघा, पण तिथला एओडी जसाच्या तसा उचलू नका, अडीचशे किलोमीटर लांब आहे.

सोलापुरी_चादर: अरे देवा, ५५० चाच होता 🤦 बदलून चालवलं, ५८५ आला. अजून ५५ कमीच की.

उन्हाडक्या: सॅटेलाइट सकाळी जाणारा की दुपारी? सकाळचं धुरकं दुपारपर्यंत तसंच राहतं असं नाही.

सोलापुरी_चादर: सकाळचा 😬 दुपारचा शोधतो आणि इथेच टाकतो.