बॅटमॅनचा चतुर्थांश आकाराचा पुतळा घरी आला आहे. तो शिल्प म्हणून कसा पाहावा?

विश्रामबाग_सांगली:
माझ्या धाकट्या भावाने पहिल्या नोकरीच्या बचतीतून मला बॅटमॅनचा संग्राह्य पुतळा भेट दिला आहे. तो पॉलिस्टोनचा असून मूळ उंचीच्या चौथ्या हिश्शाचा, बैठकीसह सुमारे दोन फूट उंच आहे; इमारतीच्या कठड्यावर एक पाय वर ठेवून बॅटमॅन खाली पाहत उभा आहे. घरी येणारे पाहुणे आधी किंमत विचारतात आणि मग ‘छान खेळणे आहे’ असे म्हणून पुढे जातात, याचे मला खरोखर वाईट वाटते. परंतु त्यांना काय दाखवावे, हे मलाही नेमके सांगता येत नाही. माझे प्रेम त्या व्यक्तिरेखेवर आहे की या घडणीवर, हेच मला वेगळे करता आलेले नाही. काय पाहावे आणि कोणत्या क्रमाने पाहावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

शाडूमाती_सातारा:
आमच्या घरी तीन पिढ्यांपासून गणपतीचा कारखाना आहे, त्यामुळे मूर्तीकडे पाहण्याची जी सवय लागली तेवढीच सांगतो. पुतळा भिंतीपासून दूर, भोवती फिरता येईल असा ठेवा आणि पहिल्या दिवशी पट्टा, हातमोजे, कपड्यांची वीण यांकडे लक्षच देऊ नका. शरीराचा भार कोणत्या पायावर आहे ते शोधा. एका पायावर भार आला की त्या बाजूचे नितंब वर जाते, त्याच बाजूचा खांदा किंचित उतरतो आणि दुसऱ्या पायाचा गुडघा सैल पडतो. ही साखळी घोट्यापासून मानेपर्यंत जुळली असेल तर पुतळा पाठीमागूनही उभा दिसतो, नाहीतर तो नुसता बैठकीवर चिकटवलेला वाटतो. पिळदार स्नायू पुष्कळांना कोरता येतात, भार मात्र थोड्यांनाच साधतो.

दुसरी गोष्ट नजरेची. आमच्याकडे डोळ्यांची आखणी सर्वांत शेवटी होते आणि तिथे हात चुकला तर बाकीची मेहनत वाया जाते. बॅटमॅनला मात्र बुबुळेच नाहीत. १९३९ साली बॉब केन यांनी त्याचे पहिले रेखाटन केले तेव्हा त्याच्या डोळ्यांवर लहानसा मुखवटा आणि पाठीला ताठ पंख होते. लेखक बिल फिंगर यांनी डोके झाकणारे शिरस्त्राण, बुबुळांविना डोळे आणि पंखांऐवजी झगा सुचवला. म्हणजे मूर्तिकाराच्या हातून आखणीच काढून घेतली गेली आहे. आता तो कुठे पाहतो आहे, हे मानेचा कल, हनुवटीची दिशा आणि मुखवट्याच्या भुवईची धार एवढ्यावरच सांगावे लागते. आपल्या पुतळ्याची नजर खोलीतल्या नेमक्या कोणत्या जागी पडते, ते जमिनीवर बसून पाहा.

मिरजकर:
साहित्याबद्दल थोडे लिहितो. पॉलिस्टोन म्हणजे दगडाची भुकटी मिसळलेले पॉलियुरेथेन रेझिन. त्यामुळे तो हाताला थंड आणि जड लागतो, पण पडला तर तुटतो. मूळ नमुना मातीत किंवा संगणकावर घडवून त्याचे भाग सिलिकॉनच्या साच्यात ओततात. साच्याची शिवण काखेत किंवा झग्याच्या आतल्या बाजूला कितपत घासून काढली आहे, ते बोटाने तपासा. रंगात काळा किती प्रकारचा आहे ते पाहा: चांगल्या कामात झगा, चामडे आणि कापड यांची चमक वेगवेगळी असते आणि घड्यांच्या खोलीत पातळ गडद रंग मुरलेला असतो. बैठकीखालचा आवृत्ती क्रमांक किमतीसाठी महत्त्वाचा आहे, सौंदर्यासाठी नाही. खिडकीच्या उन्हात मात्र ठेवू नका, कारण उन्हाने रंग उडतो आणि उष्णतेने रेझिन मऊ पडून पुतळा बारीक घोट्यांपाशी हळूहळू कलतो.

कराडकर:
व्यक्तिरेखेवरचे प्रेम आणि घडणीवरचे प्रेम वेगळे करण्याची गरजच नाही, असे मला मनापासून वाटते. चाफळला राममंदिरासमोर हात जोडलेला दास मारुती आहे आणि मंदिरामागे प्रताप मारुती आहे. मारुती एकच, पण घडवणाऱ्याने क्षण वेगळा निवडला आणि आपल्या मनातला भावही बदलला. ज्याला मारुतीची कथाच ठाऊक नाही, त्याला या दोन्हींतला फरक केवळ हातांचा वाटेल. आपल्याला बॅटमॅनची कथा ठाऊक आहे, म्हणून आपण एक प्रश्न विचारू शकता, जो पाहुण्याला सुचणार नाही: हा उडी मारण्याआधीचा क्षण आहे, की उडी न मारण्याचे ठरवल्यानंतरचा?

विश्रामबाग_सांगली:
सर्वांचा आभारी आहे. काल रात्री ट्यूबलाइट बंद करून टेबलावरचा दिवा डाव्या बाजूला ठेवला आणि पुतळ्याभोवती बराच वेळ फिरलो. कठड्यावर ठेवलेला पाय पुढे दिसत असला, तरी त्यावर भार नाही. सगळा भार मागच्या पायावर आहे आणि झगाही त्याच बाजूला जड होऊन पडला आहे. उडी अजून ठरलेली नाही. मान मात्र पुढे झुकली आहे. जमिनीवर बसून नजरेचा माग काढला, तेव्हा ती दाराच्या उंबऱ्याजवळ येऊन थांबली. आज सकाळी भावाला फोन करून हे सांगितले. दिवाळीत घरी आल्यावर आधी जमिनीवर बसूनच पाहीन, असे तो म्हणाला.