आजी आणि दोन लहान मुलं घेऊन डिसेंबरात नदीकाठी: आसोगा, गोकाक, कणकुंबी की येडूर?

शहापूरकर
नाताळच्या सुट्टीत घरातले सहा जण एक दिवस बाहेर पडणार आहोत. आजी ७२ वर्षांच्या, गुडघे दुखतात, पायऱ्या जमत नाहीत. मुलं ४ आणि ९ वर्षांची. मुलांना पाण्यात खेळायचंय, मोठ्यांना थोडं काठाकाठानं चालायचंय. सकाळी बेळगावातून निघून अंधाराआधी घरी पोचायचं. पाण्यात कुठं उतरवावं आणि कुठं नुसतं बघावं, हे माहीतगारांनी सांगावं.

मलप्रभाकाठ
तुमच्यासाठी आसोगा. बेळगाव ते खानापूर साधारण २६ किलोमीटर, तिथून आसोगा अगदी जवळ. रामलिंगेश्वराचं देऊळ नदीलाच लागून आहे, त्यामुळे आजी सावलीत बसल्या तरी मुलं नजरेच्या टप्प्यात राहतात. आजींसाठी घडीची खुर्ची न्या. खाली सतरंजीवर बसलं की गुडघे दुखणाऱ्या माणसाला उठणं जड जातं.

आता पाण्याचं बघा. डिसेंबरात मलप्रभेचा जोर ओसरलेला असतो आणि गढूळपणा गेल्यामुळे तळ दिसतो. पण स्वच्छ पाणी दिसतं त्यापेक्षा खोल असतं, त्यामुळे डोळ्यांवर विसंबू नका. पाच फुटी काठी घेऊन आधी एका मोठ्या माणसानं आत जायचं आणि दर पावलाला पुढचा तळ चाचपायचा. खडकाळ पात्रात गुडघाभर पाण्यानंतर एकाच पावलावर डोह लागतो. वाळू उपसलेल्या जागी तर खड्ड्याची कड पायाखालीच ढासळते, म्हणून उघड्या खडकापेक्षा वाळूचा तळ जास्त फसवा. चाचपलेल्या जागेच्या हद्दीवर दगड रचून खूण करा आणि त्यापलीकडे कुणीच जायचं नाही, मोठ्यांनीसुद्धा.

ओढ बघायला वाळकं पान टाका. सावकाश चालणाऱ्या माणसाच्या पुढं पान पळालं तर तिथं लहानांना उतरवू नका. चार वर्षांच्या मुलाला त्याच्या गुडघ्याच्या वर पाणी नको, आणि एक मोठा माणूस हात लांबवला की मूल धरता येईल इतक्याच अंतरावर हवा. तो माणूस मोबाईल काठावर ठेवून उभा राहील. दर अर्ध्या तासानं माणूस बदला, लक्ष विचलित होतं ते कंटाळ्यानं.

बंधारा दिसला की त्याच्या दोन्ही बाजू टाळा. पावसाळा संपला की बरगे (बंधाऱ्याच्या गाळ्यांत बसवायच्या फळ्या) घालून पाणी अडवतात, त्यामुळे वरच्या अंगाला पाणी संथ पण खोल असतं. खालच्या अंगाला पडणाऱ्या पाण्यानं तळ खोदलेला असतो, तिथं भोवऱ्यात सापडलेला माणूस पुन्हा पुन्हा खाली ओढला जातो. पट्टीचा पोहणाराही तिथून सहज सुटत नाही.

घटप्रभा_किनारा
गोकाक बघण्याची जागा आहे, खेळण्याची नाही. घटप्रभा तिथं सुमारे ५२ मीटर खाली पडते, वरच्या खडकावर शेवाळ असतं आणि काठाला सगळीकडे कठडा नाही. शिवाय वर हिडकलचं धरण आणि धुपदाळचा बंधारा आहे, तिथून पाणी सुटलं की पात्र कोरडं असलं तरी बघता बघता भरतं. डिसेंबरात धार बारीक असते, खरा धबधबा जुलै ते सप्टेंबरात. म्हणून आत्ता एवढ्या लांब जायचं कारण नाही. झुलता पूल दोनशे मीटरच्या आसपास लांब आणि पात्रापासून सुमारे १४ मीटर उंच आहे. तो हलतो, आजींना त्यावर नेऊ नका.

चिकोडीवाला
येडूरला वीरभद्राच्या दर्शनाला जरूर जा, पण मुलांना कृष्णेत उतरवू नका. कृष्णेत मगरी आहेत आणि थंडीत त्या उन्हाला काठावर येतात. चिखलाचा उतार, गवत, संथ पाणी अशा जागी पाण्यापासून लांबच बसा.

मलप्रभाकाठ
कणकुंबीचंही सांगतो. मलप्रभेचा उगम आणि माउलीचं देऊळ, आजींना आवडेल. पण पाण्यात खेळायची ती जागा नव्हे, आणि जांबोटीच्या पुढं जंगलात मोबाईलची रेंज सारखी जाते. मार्कंडेय नदीवर बेळगाव शहराजवळ जाऊ नका, शहराचं सांडपाणी वाहणारा बळ्ळारी नाला तिलाच मिळतो. राकसकोप जलाशयाचं पाणी शहर पितं, तिथं अंघोळ, कपडे काहीच नको.

शहापूरकर
मग आसोगा ठरलं. हवेची ट्यूब नेली तर चालेल काय? आणि काठावर चूल मांडून भात करावा म्हणतोय.

मलप्रभाकाठ
ट्यूब नको. वाऱ्यानं सरकत डोहाकडे जाते आणि उलटली की मूल खाली, ट्यूब वर. दोन पायांमधून पट्टा येणारं, वजनानुसार मापाचं लाईफ जॅकेट घ्या. घातल्यावर खांद्याला धरून वर उचला, हनुवटीपर्यंत सरकलं तर ते मोठं झालं. पाण्यात चप्पल निसटते, मागून पट्ट्याचं सँडल घाला.

चुलीला नदीतले दगड वापरू नका. आत मुरलेलं पाणी तापलं की दगड तडकून उडतो. डिसेंबरात गवतही वाळलेलं असतं, ठिणगी पुरते. त्यापेक्षा घरून चपाती, शेंगाचटणी, दहीभात न्या, आणि माणशी दोन लिटर पाणी. डबे झाकून ठेवा, देवळाजवळ माकडं असतात.

आणखी एक, हे विसरू नका: १५ मीटर दोरी, टोकाला ५ लिटरचा कॅन बांधून. कॅनमध्ये दोन बोटं पाणी ठेवायचं म्हणजे लांब फेकता येतो, बाकी हवेनं तरंगतो. कुणी ओढीत सापडलं तर मागोमाग उडी मारायची नाही, कॅन त्याच्या थोडा वरच्या अंगाला फेकायचा, पाणीच तो त्याच्याकडे आणतं. धरणाऱ्यानं काठावर बसून पाय रोवायचे, दोरी हाताला गुंडाळायची नाही. मदतीला ११२, रुग्णवाहिकेला १०८.

शहापूरकर
दोरी आहे, कॅन उद्या बांधतो. सकाळी आठला निघालो तर चालेल ना?

मलप्रभाकाठ
चालतंय की. सकाळी पाणी गार असतं, मुलांना दहानंतरच उतरवा. ओठ निळसर झाले किंवा मूल थरथरू लागलं की लगेच बाहेर काढून कोरडे कपडे घाला. चारला आवरायला घ्या.