मदत हवी आहे: ड्राफ्टआधी दोन तरुण फॉरवर्डांची तुलना नेमकी कशावर करायची?

नमस्कार मंडळी,

एनबीए ड्राफ्ट, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या टीम्स नवे प्लेअर एकेक करून निवडतात तो कार्यक्रम, बऱ्याच वर्षांपासून फॉलो करतोय. गार्ड असला की बॉल त्याच्याच हातात असतो, तो काय करतो ते समोर दिसतं, सेंटर असला की काम रिंगच्या आजूबाजूचं, तेही बऱ्यापैकी कळतं. या दोघांच्या मधला, म्हणजे फॉरवर्ड आला की मात्र माझं घोडं अडतं. एकाच मॅचमध्ये तो चार प्रकारची कामं करत असतो, कॉलेजात एक करत असतो आणि एनबीएत गेल्यावर त्याच्याकडून भलतंच करून घेतात, मग एकोणीस वर्षांच्या पोराकडे बघून हा पुढे काय होईल हे ठरवायचं तरी कशावर?

म्हणून सध्या जुने ड्राफ्ट काढून बसलोय. पुढचं करिअर बाजूला ठेवायचं आणि ड्राफ्टच्या रात्रीपर्यंत जे माहीत होतं तेवढंच घेऊन दोन फॉरवर्ड शेजारी शेजारी मांडायचे. दोन जोड्या सांगतो म्हणजे माझी अडचण कळेल.

पहिली २०१७ची, जेसन टेटम आणि जॉश जॅक्सन. दोघंही ६ फूट ८ इंचाच्या आसपास, दोघंही कॉलेजात एकच सीझन खेळून आलेले, टेटम ड्यूककडून आणि जॅक्सन कॅन्ससकडून. बॉस्टनने तिसऱ्या नंबरवर टेटम घेतला, फिनिक्सने चौथ्यावर जॅक्सन. वरवर बघितलं तर जॅक्सन कुठे कमी वाटत नाही, उलट तीनाचे शॉट (लांबच्या लाइनबाहेरून मारलेले, तीन पॉइंटांचे) त्याचे ३७.८ टक्के आणि टेटमचे ३४.२, पासही जॅक्सन जास्त द्यायचा, डिफेन्सला तर अंगावरच यायचा. पण फ्री थ्रोची (फाउल झाल्यावर मिळणाऱ्या मोकळ्या शॉटची) ओळ बघा, टेटम ८४.९ टक्के आणि जॅक्सन ५६.६! एनबीएतल्या पहिल्याच सीझनला टेटमने तीनाचे ४३.४ टक्के मारले आणि जॅक्सन २६ वर घसरला. म्हणजे शूटिंगचा खरा अंदाज फ्री थ्रोने दिला होता, तीनाच्या आकड्याने नाही.

हे बघून वाटलं की चला, एक धागा हाती लागला. मग २०११ काढलं. डेरिक विल्यम्स अ‍ॅरिझोनाचा, कवाय लेनर्ड सॅन डिएगो स्टेटचा, दोघांच्या वयात जेमतेम महिन्याभराचं अंतर, दोघंही कॉलेजात दोन सीझन खेळलेले. विल्यम्सने दुसऱ्या सीझनला तीनाचे ५६.८ टक्के मारले, लेनर्ड तिशीच्याही खाली, आणि फ्री थ्रो दोघांचे ७५ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे इथे फ्री थ्रो काहीच सांगत नाही. विल्यम्स दुसऱ्या नंबरवर मिनेसोटाकडे गेला. लेनर्ड पंधराव्या नंबरपर्यंत खाली आला, इंडियानाने घेतला आणि त्याच रात्री जॉर्ज हिलच्या बदल्यात सॅन अँटोनियोला देऊन टाकला. पुढचं सगळ्यांना माहीत आहे, लेनर्ड २०१४ आणि २०१९ असा दोनदा फायनल्सचा एमव्हीपी (सर्वोत्तम प्लेअर) झाला आणि विल्यम्स कुठल्याच टीममध्ये स्थिरावला नाही.

तर मला जाणकारांकडून हे हवंय. पोराच्या खेळातली कुठली उणीव पुढे भरून निघते आणि कुठली नाही, हे ड्राफ्टआधी ओळखता येतं का? वयाला किती किंमत द्यायची? आणि दोन फॉरवर्ड मुळात वेगळ्याच जातकुळीचे असतील, एक अंगापिंडाने तयार आणि खेळात मुरलेला, दुसरा उंच, चपळ पण कच्चा, तर त्यांना एका पट्टीने मोजावं की मोजूच नये? "ज्याची सीलिंग (पुढे जास्तीत जास्त किती वर जाईल ती मर्यादा) जास्त तो घ्या" असं जिथे तिथे वाचायला मिळतं पण ती सीलिंग ठरवली कशी हे कोणी सांगत नाही. कृपया सविस्तर लिहा, लांबलं तरी चालेल.

प्रतिसाद:

चांगला विषय काढलात. विल्यम्सच्या त्या ५६.८ पासूनच सुरुवात करतो. तो आकडा ७४ शॉटपैकी ४२ असा आहे. अख्ख्या सीझनमध्ये ७४! एवढ्याशा शॉटवर टक्केवारी कुठेही जाऊ शकते, पडलेल्यांपैकी दहा चुकले असते तर तोच माणूस त्रेचाळीस टक्क्यांवर दिसला असता. शिवाय त्या काळी कॉलेजची तीनाची लाइन २० फूट ९ इंचांवर होती आणि एनबीएची मधोमध २३ फूट ९ इंचांवर, म्हणजे पूर्ण तीन फूट जवळून मारलेले शॉट ते. तुमच्या जॅक्सनचंही तसंच, त्याचे ९० पैकी ३४. त्यामुळे तीनाची टक्केवारी बघायच्या आधी शॉट किती घेतले ते बघायचं. टक्के कमी असले तरी जो पोरगा बिनधास्त आणि भरपूर मारतो त्याच्यावर मी जास्त विश्वास ठेवतो, कारण कोचने त्याला मोकळीक दिलीये आणि त्याला स्वतःलाही शॉट घ्यायची भीती नाही.

फ्री थ्रो उपयोगी पडतो तो एवढ्याचसाठी की अंतर ठरलेलं, १५ फूट, अंगावर कोणी नाही, त्यामुळे हाताचा टच तेवढा उघडा पडतो. पण तो फक्त टच सांगतो. शॉटची उंची, बॉल सुटायला लागणारा वेळ, पावलं नीट पडतात का, यातलं काही सांगत नाही. लेनर्डचा फ्री थ्रो ठीकठाक होता म्हणजे हात बरा होता, बिघाड शॉटच्या ढाच्यात होता, आणि ढाचा दुरुस्त करता येतो. सॅन अँटोनियोचे शूटिंग कोच चिप एंगेलंड यांनी तो करून घेतला आणि पहिल्याच सीझनला पोरगा तीनाचे ३७.६ टक्के मारायला लागला. माझं तर स्पष्ट मत आहे की हात बरा आणि ढाचा वाईट असेल तर थांबायची तयारी ठेवून घ्यावा, हातच जड असेल तर शूटर होईल या आशेवर घेऊ नये.

वयाबद्दल. टेटम आणि जॅक्सन दोघं पहिल्या वर्षाचे म्हणून आपण सारखे धरतो पण जॅक्सन वर्षभराने मोठा होता, ड्राफ्टच्या रात्री वीस पूर्ण, टेटम एकोणीस. त्या वयात एक वर्ष फार असतं. वीस वर्षांचा पोरगा अठरा-एकोणीसच्या पोरांवर दांडगाई करत असेल तर त्यातलं कौशल्य किती आणि नुसतं वय किती हे वेगळं काढावं लागतं. मात्र याला दुसरी बाजू आहे, पास्कल सियाकम २०१६ला २७व्या नंबरवर गेला तेव्हा बावीसचा होता, पण तो बास्केटबॉलकडे वळलाच मुळी उशिरा. म्हणून जन्मतारखेबरोबर खेळायला कधी लागला तेही विचारायचं.

प्रतिसाद:

वरच्या शूटिंगच्या मुद्द्यांना +१. पण मला वाटतं तुमच्या दुसऱ्या जोडीचं उत्तर शूटिंगमध्ये नाहीच आहे. लेनर्ड शेवटच्या सीझनला मॅचमागे १०.६ रिबाउंड (चुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं) घेत होता, तेही विंगवर, म्हणजे रिंगपासून लांब बाजूला खेळून. दोन्ही हात पसरले की टोकापासून टोकापर्यंत ७ फूट ३ इंच, आणि पंजा पसरला की अंगठ्यापासून करंगळीपर्यंत सव्वाअकरा इंच. हे सगळं शिकागोच्या कॉम्बाइनमध्ये (ड्राफ्टआधी पोरांची मापं आणि ताकद तपासतात तिथे) मोजलेलं, सगळ्या टीम्सच्या टेबलावर होतं. रिबाउंड आणि स्टील (समोरच्याकडून बॉल हिसकावणं) हे दोन आकडे कॉलेजातून एनबीएत बऱ्यापैकी टिकतात कारण ते हात, वेळ साधणं आणि अंदाज यांवर चालतात, कोणी सुंदर पास दिला म्हणून ते मिळत नाहीत.

आता कॉम्बाइन म्हटलं म्हणून सगळंच डोक्यावर घेऊ नका. २००७ला केव्हिन ड्युरँटला ड्राफ्टआधीच्या तपासणीत १८५ पाउंडांचा बार एकदाही उचलता आला नव्हता. त्याचं काय बिघडलं? ताकद जिममध्ये कमावता येते, हाताची लांबी नाही. उंचीसुद्धा कधी कधी वाढते, यानिस अँटेटोकुनम्पो २०१३ला पंधराव्या नंबरवर गेला तेव्हा अठरा वर्षांचा होता आणि ड्राफ्टनंतरही वाढत राहिला, पण उंची वाढेल यावर भरवसा ठेवून कोणी पिक करू नये.

मी फॉरवर्ड बघतो तेव्हा काय करतो ते सांगतो. अख्खी मॅच लावायची आणि बॉलकडे बघायचंच नाही, फक्त त्या एका पोराकडे बघायचं. तो मदतीला आत सरकलाय, बॉल फिरून त्याच्या माणसाकडे बाहेर गेला, आता तो परत धावतो, त्या दोन सेकंदांत सगळं कळतं. शेवटची पावलं छोटी करतो का, कंबर खाली राहते का, समोरच्याने शॉटचा नुसता आव आणला की हवेत उडतो का, आणि समोरचा बाजूने निघालाच तर कूस बदलून त्याच्याबरोबर राहतो का. आजच्या एनबीएत फॉरवर्डला दर मॅचला कितीतरी वेळा हेच करावं लागतं. अटॅकला असताना बघायचं की पहिला बेत फसला की तो काय करतो. कॉलेजात पुष्कळ फॉरवर्ड उजवीकडे एक जोरदार ड्रिबल टाकून रिंगपर्यंत पोचतात कारण समोरचा बुटका किंवा हळू असतो. तिथे वाट अडवली की काही जण बॉल धरून उभे राहतात, काहींना कोपऱ्यातला सुटा माणूस आधीच दिसलेला असतो. हे दुसरे जे आहेत ना, त्यांच्यासाठी मी दोन इंच उंची सोडायला तयार आहे. ड्रेमंड ग्रीन मिशिगन स्टेटला चार वर्षं खेळून २०१२ला ३५व्या नंबरवर गेला, "ना धड तीन नंबरचा, ना धड चार नंबरचा" म्हणून (तीन म्हणजे चपळ, बाहेरून खेळणारा फॉरवर्ड, चार म्हणजे दणकट, आत खेळणारा). त्याच्याइतका खेळ वाचणारा माणूस त्या ड्राफ्टमध्ये दुसरा नव्हता, आणि ते कॉलेजातही दिसत होतं.

प्रतिसाद:

एक गोष्ट राहतेय ती म्हणजे पोरगा जातो कुठे. विल्यम्स गेला त्या मिनेसोटात चार नंबरच्या जागी केव्हिन लव्ह आणि तीनच्या जागी मायकल बीझली आधीच होते, मग हा खेळणार कुठे? लेनर्डच्या टीममध्ये टिम डंकन, टोनी पार्कर, मनू जिनोबिली असे मुरलेले स्टार, त्याला सांगितलेलं काम अगदी थोडं, माणूस अडव आणि कोपऱ्यातून शॉट मार, बाकीचं सावकाश शिकायला मिळालं. आणि दुखापत कोणाच्या हातात नाही. २०१४ला अँड्र्यू विगिन्स पहिला आणि जबारी पार्कर दुसरा गेला, तेव्हा पार्कर जास्त तयार स्कोअरर वाटायचा, ड्यूककडून मॅचमागे १९.१ पॉइंट. पार्करच्या डाव्या गुडघ्याचं एसीएल (गुडघ्यातलं मुख्य लिगामेंट) दोनदा गेलं. विगिन्स २०२२ला गोल्डन स्टेटकडून चॅम्पियन झाला. यात कोणाचा अंदाज बरोबर होता हे मला खरंच ठरवता येत नाही, म्हणून जुन्या ड्राफ्टवर पट्टी तपासताना अशा जोड्या बाजूला काढाव्यात, नाहीतर नशिबालाच आपण पद्धत समजून बसू.

धागाकर्ता:

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं नेमकं मिळेल असं वाटलं नव्हतं. सांगितलंत तसं लगेच २०२२ला लावून बघितलं. जबारी स्मिथ ऑबर्नचा, पाओलो बँकेरो ड्यूकचा. स्मिथने तीनाचे ४२ टक्के मारले आणि बऱ्याच जणांना वाटत होतं की ऑर्लँडो पहिल्या नंबरवर त्यालाच घेईल. पण त्याचे सगळे शॉट मिळून टक्के ४२.९! म्हणजे दोनाचे शॉटही जवळपास तीनाइतकेच पडत होते, रिंगजवळ पोचून सोपे पॉइंट घेणं त्याला जमत नव्हतं. बँकेरोचा तीनाचा आकडा ३३.८, शूटर म्हणून साधाच, पण अडवल्यावर पास काढायचा आणि अंगाने माणूस बाजूला सारून आत घुसायचा. ऑर्लँडोने त्यालाच घेतला आणि तो रुकी ऑफ द इयर (वर्षातला सर्वोत्तम नवा प्लेअर) झाला. स्मिथ ह्यूस्टनला गेला, पहिल्या सीझनला तीनाचे ३०.७ टक्के. नंतर तो चांगला उपयोगी प्लेअर झाला हेही खरं, पण बॉल हातात देऊन "जा, काहीतरी काढ" असं सांगण्यातला तो नव्हता, आणि ते त्या दोनाच्या आकड्यात आधीच दिसत होतं. मला वाटतं वेगळ्या जातकुळीच्या फॉरवर्डांबद्दलचं माझं उत्तर इथेच आहे, आधी ठरवायचं की हा बॉल घेऊन खेळणारा की दुसऱ्याने बनवलेला शॉट मारणारा, आणि मग त्या त्या गटात तोलायचं.

शेवटचं एक विचारतो. युरोपातून येणाऱ्या फॉरवर्डांना हीच पट्टी लावता येते का? त्यांचे आकडे इतके बारके दिसतात की काही अंदाजच येत नाही.

प्रतिसाद:

येते, फक्त आकडे मिनिटांवर आणून घ्या. तिकडे मॅच कॉलेजसारखीच ४० मिनिटांची पण अठरा-एकोणीसच्या पोराला मोठ्या क्लबात दहा-पंधरा मिनिटं मिळाली तरी खूप, शिवाय समोर तीस वर्षांचे कसलेले लोक असतात, त्यामुळे तिकडचे आठ पॉइंट कॉलेजच्या आठ पॉइंटांसारखे धरू नका. शूटिंगची तुलना उलट सोपी झालीये, कॉलेजची लाइन २०१९-२० पासून आंतरराष्ट्रीय लाइनइतकीच म्हणजे ६.७५ मीटरवर नेली, त्यामुळे तीनाचे शॉट एकाच अंतराचे. फ्री थ्रो तर सगळीकडे तेवढाच. क्लब कुठल्या डिव्हिजनमध्ये खेळतो ते मात्र आधी बघा, यानिस ग्रीसच्या दुसऱ्या डिव्हिजनमधून आला होता, तिथल्या आकड्यांना काही अर्थ नव्हता, ज्यांनी त्याला घेतला त्यांनी हॉलमध्ये बसून बघून घेतला.