उबंटू २२.०४ वर एड्युरोम जोडलं जात नाहीये, मदत हवी आहे

मंडळी, कॅम्पसवर एड्युरोम (विद्यापीठं-संस्थांचं सामायिक वायफाय) आहे, त्याच आयडी-पासवर्डने माझा अँड्रॉइड फोन लगेच जोडला जातो पण उबंटूवाला लॅपटॉप काही केल्या जोडला जात नाही, थोडा वेळ फिरत राहतं आणि परत पासवर्ड मागतं.

सेटिंग डब्ल्यूपीए२ एंटरप्राइज (प्रत्येकाचा वेगळा आयडी-पासवर्ड असलेली वायफाय सुरक्षा), लॉगिनची पद्धत पीप, एमएसचॅप व्ही२. युजरनेममध्ये @ च्या पुढचं डोमेनपण टाकलंय, नेटवर्क फरगेट करून, रीस्टार्ट करून झालं. हॉटस्पॉट आणि रूमवरचं साधं वायफाय मस्त चालतं म्हणजे ड्रायव्हरचा घोळ नसावा. लॉगमध्ये 'अनसेफ लेगसी रिनिगोशिएशन डिसेबल्ड' (सुरक्षित जोडणीच्या अटी पुन्हा ठरवायची जुनी, असुरक्षित पद्धत बंद आहे) असं येतंय. २०.०४ वर चालत होतं, अपग्रेडनंतर बंद पडलं, ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनची लायब्ररी) १.१.१ जाऊन ३ आलंय ना, त्यामुळेच असणार.

लॉगिन तपासणारा कॅम्पसचा सर्व्हर काही माझ्या हातात नाही. सर्टिफिकेट तपासणी (सर्व्हर खरा आहे का ते बघणं) बंद करा असं कृपया सांगू नका, त्याच नावाचं खोटं वायफाय लावून कोणीही पासवर्ड घेऊ शकतो. ओपनएसएसएलच्या मुख्य कॉन्फिग फाइलमध्ये जुनं रिनिगोशिएशन चालू करता येतं हे माहितीये, पण मग ते सिस्टिमचं ओपनएसएसएल वापरणाऱ्या सगळ्याच प्रोग्रॅमना लागू होतं आणि याच लॅपटॉपवरून मी बँकेची कामं करते.

तर ही सूट फक्त डब्ल्यूपीए सप्लिकंटपुरतीच (वायफायचं लॉगिन करणारा प्रोग्रॅम) द्यायची असेल तर नेमकं कुठे आणि काय लिहायचं?