घोड्यांचा लांबचा प्रवास: मधे थांबायचं की सलग जायचं?

अबलख: लांबच्या प्रवासात घोड्याला आखूड दोराने मान वर करून बांधायचं हे बंदच झालं पाहिजे. मान खाली घालून फुरफुरतो तेव्हाच त्याच्या श्वासनळीतला चिकटा न् धूळ बाहेर पडते, १२ तास मान वरच राहिली तर सगळं आत साचून जंतू वाढतात आणि मग ताप, न्यूमोनिया. एका घोडीला १४ तासांनी उतरवताना बघितलंय मी, पुढ्यात पाण्याची बादली होती पण तिने ढुंकूनही बघितलं नाही, नाक जमिनीला टेकवून फुरफुरतच राहिली, पिवळट शेंबूड लोंबत होता. दर ४-५ तासांनी गाडी थांबलीच पाहिजे!

दावण: नाही पटलं. मी घोडे नेतो, चढवता-उतरवतानाच जास्त लागतं त्यांना. रात्री अनोळखी जागी, शेजारून ट्रक धडधडत जातायत, तिथे उतरवून परत फळीवर चढवायचं म्हणजे झटापट, घोडा घामाने निथळतो. आणि चालत्या गाडीत प्रत्येक ब्रेकला, वळणाला तो चारी पायांवर तोल सांभाळत असतो, प्रवास लांबवून उलट दमवताय त्याला. युरोपियन युनियनच्या २००५ च्या नियमातही २४ तास चालतात.

अबलख: @दावण उतरवा असं कुठे म्हटलं मी? गाडी सावलीत लावा, इंजिन बंद, दोर सैल, वैरण खाली ठेवा, पाणी दाखवा, अर्धा तास द्या. आणि नियम पूर्ण सांगा ना, दर ८ तासांनी पाणी हेही त्यातच आहे, २४ ही कमाल मर्यादा आहे, तेवढं न्यायलाच हवं असं नाही.

खरारा: दोर फार सैल सोडला तर त्यात पाय अडकतो, आणि शेजारी दुसरा घोडा असेल तर चावाचावी. मधे भक्कम आडोसा पाहिजेच. पाण्याचं म्हणाल तर पुष्कळ घोडे परक्या पाण्याला तोंडच लावत नाहीत, म्हणून आम्ही पागेतलंच पाणी कॅनमधून नेतो, नाहीतर पोटशूळ ठरलेला. वैरणही भिजवून देतो म्हणजे धूळ उडत नाही. पोचल्यावर दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ ताप मोजा, प्लीज, तो उशिराही चढतो.

दावण: गाडी उभी असताना दोर सैल करायला माझी ना नाही, चालत्या गाडीत मात्र नाही म्हणजे नाही. पण मालक भाडं ठरवतानाच "किती तासांत पोचवणार" विचारतात, थांबे धरून वेळ सांगितली की दुसरी गाडी बघतात. ते आधी त्यांना सांगा.