मदत हवी आहे: ट्रॉलरवर निरीक्षक म्हणून कुणी गेलंय का?

नमस्कार मंडळी, आम्ही खानापूरचे. धाकटी बहीण प्राणिशास्त्रात एमएस्सी करायलीय, तिला कारवार नायतर मालवणच्या ट्रॉलरवर जाऊन जाळ्यात मासळीसोबत कासव, डॉल्फिन काय काय अडकतंय त्याची नोंद करायचीय, म्हणजे कासव वर आलं की जिवंत आहे का, पाठीची लांबी, जागा, वेळ सगळं लिहायचं. पण ऑलिव्ह रिडले कासव १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षण, म्हणून तांडेल (बोटीचे प्रमुख) केसच्या भीतीनं बोलतच नाहीत, आणि त्यांची भीती खरीच आहे ओ. जाळ्यातून कासव सुटायची सोय नाही म्हणून अमेरिकेनं २०१९ पासून आपली समुद्रातली कोळंबी घेणं बंद केलंय, तेव्हा ही नोंद त्यांच्याही कामाचीच. तर परवानगी कुणाची लागते, मुलीला बोटीवर घेतात का? ओळखीचं कुणी असेल तर सांगा की, प्लीज.